कडेवर मूल, कमरेला पिस्तूल: टेक्सासमधील एका आईच्या होल्स्टर-निवडीचे प्रकरण

या प्रकरणातील बाई डॅलसच्या उत्तरेकडील एका उपनगरात राहतात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मुद्दाम मोघम ठेवले आहेत. वय पस्तिशीच्या आसपास, मूळ गाव पश्चिम महाराष्ट्रात, व्यवसाय करविवरणपत्रे भरून देण्याचा. कार्यालय स्वतःचे आणि एका खोलीचे असल्यामुळे जानेवारीपासून १५ एप्रिलपर्यंतच्या हंगामात रात्री नऊ-साडेनऊला दिवे मालवून, कुलूप लावून पार्किंगमधल्या गाडीपर्यंत एकटीनेच चालत जाणे हा त्यांचा नित्यक्रम आहे. मुलगी चार वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा, आणि दोन्ही बाळंतपणे सिझेरियनची. ही शेवटची बाब वैद्यकीय वाटली तरी होल्स्टरच्या, म्हणजे पिस्तूल बाळगण्याच्या म्यानाच्या, निवडीत ती पुढे निर्णायक ठरली.

एका हंगामात एक अनोळखी माणूस त्यांच्या मागोमाग गाडीपर्यंत आला, काचेवर थापा मारून गेला आणि पोलीस येईपर्यंत दिसेनासा झाला. त्यानंतर त्यांनी परवाना काढला आणि ‘सिग सावर पी-३६५’ हे लहान आकाराचे नऊ मिलिमीटरचे पिस्तूल घेतले. पिस्तूल निवडताना त्यांनी महिनाभर वाचन केले आणि रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, निरनिराळी पिस्तुले भाड्याने घेऊन चालवून पाहिली. ते ठेवायचे कशात, हा प्रश्न मात्र पैसे देताना काउंटरवर उद्भवला आणि तिथेच दोन मिनिटांत मिटला. विक्रेत्याने ‘बायका हेच घेतात’ असे सांगून पिस्तुलासाठी वेगळा चेनचा कप्पा असलेली खांद्याची पर्स पुढे केली. मी ज्या महिला-गटाबरोबर रेंजवर जाते, तिथे त्या ही पर्स घेऊनच आल्या होत्या.

मुले असलेल्या घरात बंदूक असावी का, या प्रश्नावर अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे, म्हणजे अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सचे, मत स्पष्ट आहे: बंदूक नसलेले घर मुलांसाठी सर्वांत सुरक्षित, आणि असलीच तर ती रिकामी करून कुलपात ठेवावी व गोळ्या वेगळ्या कुलपात ठेवाव्यात. २०२० पासून या देशात १ ते १९ या वयोगटातील मृत्यूंच्या कारणांत बंदूक पहिल्या क्रमांकावर आली आहे. भरलेले पिस्तूल अंगावर बाळगणारी आई या सल्ल्याच्या बाहेर पाऊल टाकते, हे बाईंना ठाऊक होते आणि त्यांच्या यजमानांना तर ते पुरेपूर खटकत होते. तरीही बाळगायचेच, हा निर्णय त्यांचा होता. पुढील विवेचन त्या निर्णयानंतरचे आहे.

कायद्याची चौकट

परदेशस्थ मराठी वाचकांपैकी अनेकांना एक गोष्ट माहीत नसते, म्हणून ती आधी सांगते. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या व्यक्तीने बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगणे हा अमेरिकेच्या संघीय कायद्याने गुन्हा आहे. वैध शिकार-परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण मित्राचे पिस्तूल ‘नुसते घरी ठेवले’ एवढ्यानेही माणूस अडचणीत येऊ शकतो. या बाईंनी ग्रीन कार्ड हाती येईपर्यंत हा विषय काढला नव्हता, आणि ते योग्यच होते.

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरील पात्र व्यक्तीला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येते. मग चार ते सहा तासांचा वर्ग, तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून पन्नास गोळ्यांची नेमबाजीची चाचणी आणि चाळीस डॉलरचे शुल्क हा खटाटोप कशासाठी, असे त्यांना अनेकांनी विचारले. उत्तर शाळेच्या रस्त्यावर आहे. संघीय ‘गन-फ्री स्कूल झोन्स’ कायद्यानुसार शाळेपासून हजार फुटांच्या आत भरलेले पिस्तूल बाळगणे निषिद्ध आहे आणि त्यातून सूट मिळते ती त्या राज्याचा परवाना असलेल्या व्यक्तीला. केवळ राज्याने परवान्याची अट काढली म्हणून ही सूट लागू होत नाही. मुलांना शाळेत सोडणाऱ्या आईच्या रोजच्या मार्गावर असे हजार फूट वारंवार येतात, त्यामुळे तिला परवाना हवाच.

दुसरी तरतूद राज्याच्या दंडसंहितेतील आहे. निष्काळजीपणे ठेवलेले भरलेले शस्त्र सतरा वर्षांखालील मुलाच्या हाती लागले तर तो गुन्हा आहे, आणि चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, गोळी नव्हती, फक्त मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, भरलेले होते, हा बचाव तिथे चालत नाही. उलट झाकून बाळगलेले पिस्तूल होल्स्टरमध्ये असलेच पाहिजे, अशी सक्ती राज्याचा कायदा करत नाही. होल्स्टरची अट आहे ती पिस्तूल दिसेल अशा रीतीने बाळगले तर. पर्समध्ये लिपस्टिकशेजारी सुटे पडलेले पिस्तूल कायद्यात बसते आणि तरीही ते जीवघेणे असू शकते.

पहिली पायरी: दिवसाचा हिशेब

होल्स्टर सुखद असावे, असे म्हटले की ऐकणाऱ्याला ते चोचले वाटतात. रेंजवरच्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी तर ‘पिस्तूल धीर देण्यासाठी असते, आराम देण्यासाठी नव्हे’ असे वाक्यच टाकले. मला हे वाक्य दिसते तितके शहाणे वाटत नाही. जे टोचते ते माणूस काढून ठेवतो; गाडीत बसताना काढून दोन सीटांमधल्या खणात, कार्यालयात टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, घरी आल्यावर ओट्यावर. दोन लहान मुलांच्या आईच्या बाबतीत पिस्तूल अंगावेगळे होण्याचा प्रत्येक क्षण हाच धोक्याचा क्षण असतो. म्हणून आराम ही सुरक्षिततेची अट आहे, आणि होल्स्टर तोलायचे ते एकाच मापाने: ते वापरताना दिवसभरात पिस्तूल किती वेळा अंगावरून उतरते?

बाईंना मी आठवडाभर ही नोंद ठेवायला सांगितली. त्यांचा पेशा आकड्यांचा, त्यामुळे नोंद चोख झाली. पर्स वापरत असताना कामाच्या एका दिवसात ती दहा-बारा वेळा खांद्यावरून खाली आली होती: डेकेअरच्या पार्किंगमध्ये मुलाला कार सीटमधून काढताना गाडीच्या टपावर, किराणा दुकानात ट्रॉलीच्या मुलांच्या बैठकीत, बालरोगतज्ज्ञाकडे खुर्चीच्या पायाशी, सार्वजनिक स्वच्छतागृहात दाराच्या खुंटीवर. यातील ट्रॉलीची नोंद वाचून त्या स्वतःच गप्प झाल्या. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहो राज्यातील हेडन येथे वॉलमार्टमध्ये नेमके हेच घडले होते. ट्रॉलीत बसलेल्या दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधील, पिस्तुलासाठीच केलेल्या चेनच्या कप्प्यातील पिस्तूल काढले आणि गोळी लागून आईचा जागीच मृत्यू झाला. एप्रिल २०१६ मध्ये मिलवॉकीत चालत्या गाडीत पुढच्या सीटखालून मागे सरकलेले पिस्तूल मागच्या सीटवरच्या लहानग्याच्या हाती लागले आणि गाडी चालवणारी आई गेली.

एवढ्याशा मुलाच्या बोटात चाप ओढण्याचे बळ कुठून येते, हा प्रश्न यजमानांनी विचारला होता. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन-चार वर्षांच्या मुलांपैकी सुमारे चौथा हिस्सा मुले बहुतेक पिस्तुलांचा चाप ओढू शकतील, असे आढळले होते; पाच-सहा वर्षांत हे प्रमाण सत्तर टक्क्यांवर जाते. लहान मूल पिस्तूल मोठ्यांसारखे धरत नाही. ते नळीचे तोंड स्वतःकडे करून दोन्ही अंगठ्यांनी चाप दाबते, आणि दोन अंगठ्यांचे बळ एका तर्जनीपेक्षा बरेच जास्त असते. बाईंच्या पिस्तुलाला हाताने लावायचा सेफ्टीचा खटका नव्हता. पर्स त्याच दिवशी बाद झाली.

बाद झालेले पर्याय

पर्सनंतर त्यांनी पोटावर बांधायचा रुंद इलॅस्टिकचा पट्टा घेतला, ज्याला इथे बेली बँड म्हणतात. बाळंतपणानंतर वापरलेल्या पोटपट्ट्याची सवय असल्याने तो त्यांना ओळखीचा वाटला, आणि उभे असताना तो खरोखर मऊ आणि सुखद होता. दोष बसल्यावर दिसले. गाडीत बसले की पट्ट्याची वरची कड गुंडाळून खाली येई, पिस्तुलाची मूठ पोटात वळे आणि टेक्सासच्या उन्हाळ्यात, पारा अडतीसच्या पुढे गेलेला असताना, घामाने पट्टा ओला होऊन कमरेवर घामोळ्यांची माळ उमटे. हे सगळे सोसता आले असते. सोसता न येणारी गोष्ट एका साध्या चाचणीत समोर आली.

ती चाचणी अशी. सगळ्या गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवायच्या, मॅगझिन काढायचे, चेंबर डोळ्यांनी आणि करंगळीने दोनदा तपासायचे, मग रिकामे पिस्तूल कॉक करून, म्हणजे चाप ओढताच सुटेल असे ताणून, पट्ट्यात घालायचे आणि बाहेरून, कापडावरून, चापाच्या जागी पेन्सिलीचे खोडरबराचे टोक दाबायचे. बाईंनी दाबले आणि आतून ‘टक्’ असा कोरडा आवाज आला. गोळी असती तर सुटली असती. कडेवरच्या मुलाची टाच दिवसातून अनेकदा जिथे बसते, तीच ही जागा. ज्या पट्ट्यात चापाभोवतीच्या कड्यावर कडक कवच बसवलेले असते, तो या चाचणीत टिकतो; हा साधा कापडी पट्टा टिकणारा नव्हता.

तिसरा पर्याय कातडी होल्स्टरचा होता, पँटच्या आत, उजव्या बाजूला थोडे मागे. घड्याळाच्या भाषेत बेंबी बारा आणि उजवी कूस तीन धरली, तर ही जागा चार वाजताची. पुरुष प्रशिक्षक बहुधा हीच जागा सुचवतात, कारण त्यांच्या अंगाला ती मानवते. बाईच्या कमरेखाली नितंबाचा उभार लगेच सुरू होतो. तो नळीकडचे टोक बाहेर ढकलतो आणि त्यामुळे वरची मूठ बरगडीखाली रुतते. धड आखूड असेल तर बरगडी आणि कमरपट्टी यांत चार बोटांचेही अंतर उरत नाही. शिवाय मुलाला कार सीटमध्ये बांधताना कमरेतून वाकावे लागते, कुर्ती पाठीवर सरकते आणि मागून मूठ उघडी पडते. त्या कातडी होल्स्टरचे तोंडही वापराने मऊ पडून आत दुमडू लागले होते, आणि पिस्तूल परत घालताना दुमडलेली कातडी कड्यात शिरून चाप दाबू शकते. बऱ्याचशा अपघाती गोळ्या पिस्तूल काढताना नव्हे, तर परत ठेवताना सुटतात. म्हणून होल्स्टरचे तोंड स्वतःहून उघडे राहणे ही शोभेची बाब नाही.

‘खास स्त्रियांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंचा एक वेगळाच बाजार आहे, आणि त्यावर माझे मत फारसे सौम्य नाही. गुलाबी रंग, मांडीवरची लेस, ब्रेसियरच्या खालच्या पट्टीला आडवे अडकवायचे होल्स्टर. यांतील शेवटचा प्रकार बाईंना एका मैत्रिणीने आग्रहाने सुचवला होता. त्यात पिस्तूल छातीखाली आडवे असते आणि उजव्या हाताने वापरणाऱ्या बाईच्या बाबतीत नळीचे तोंड डावीकडे असते. उजवा हात मोकळा राहावा म्हणून बहुतेक आया मूल डाव्या कडेवर घेतात. म्हणजे दिवसभर नळी मुलाच्या अंगावर रोखलेली. ते होल्स्टर हातात घेऊन, डाव्या कडेवर बाहुली धरून, आरशासमोर उभे राहिल्यावर बाईंना दुसरे काही सांगावे लागले नाही.

काय जमले

त्यानंतर त्या कायडेक्सच्या होल्स्टरकडे वळल्या. कायडेक्स हे तापवून साच्यात बसवायचे कडक प्लास्टिक आहे. विशिष्ट पिस्तुलाच्या आकारानुसार ते ओतीव दिसावे इतके नेमके बसते, चापाचे कडे पूर्ण झाकते आणि बाहेरून कितीही दाबले तरी दबत नाही. पेन्सिलीची चाचणी त्यात निरर्थक ठरते. पिस्तूल उलटे धरून हलवले तरी ते निसटत नाही, आणि पकड कमी-जास्त करण्याचा स्क्रू असतो. जागा निवडली पुढची, पोटाच्या उजव्या भागात. या जागेचे आईच्या दृष्टीने मोठे फायदे आहेत: पिस्तूल स्वतःच्या दृष्टीसमोर आणि दोन्ही हातांच्या कवेत राहते, मागून कोणी किंवा कडेवरचे मूल त्याला सहज हात घालू शकत नाही, आणि खाली वाकण्याऐवजी गुडघ्यात बसायची सवय लावली की कुर्ती वर सरकत नाही.

पहिले दोन दिवस उत्तम गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अंघोळीच्या वेळी त्यांना ओटीपोटावर, सिझेरियनच्या व्रणाच्या वर, रुपयाएवढा लालभडक वळ दिसला. दिवसभरात दुखले मात्र काहीच नव्हते, कारण त्या व्रणाभोवतीची त्वचा बाळंतपणानंतर बधिर राहिली होती. पुढच्या बाजूला बाळगण्याच्या होल्स्टरला आतून, नळीच्या टोकाशी, एक पाचर लावलेली असते. ती टोक पोटापासून दूर ढकलते आणि त्यामुळे वरची मूठ आत वळून कपड्यातून उमटत नाही. ही पाचर पुरुषाच्या सपाट पोटावर जिथे टेकते, तिथेच सिझेरियन झालेल्या बाईचा आडवा व्रण असतो. होल्स्टर बनवणाऱ्यांच्या बोलण्यात मला ही गोष्ट क्वचितच आढळली आहे, आणि प्रशिक्षकाने ती विचारावी असा रिवाजही नाही. आया आपापसांत मात्र ती लगेच ओळखतात.

यावर तीन बदल झाले. पहिला, कडक प्लास्टिकच्या पाचरीऐवजी वेल्क्रोने चिकटणारी फोमची रुंद पाचर लावली, म्हणजे दाब एका बिंदूवर न येता तळहाताएवढ्या भागावर पसरेल. दुसरा, होल्स्टर आधीच्या जागेवरून आणखी उजवीकडे, घड्याळाच्या एक आणि दोनच्या मध्ये सरकवले. तिसरा बदल ऐकायला उलटा वाटतो: होल्स्टर आखूड घेण्याऐवजी लांब घेतले. पी-३६५ चेच ‘एक्सएल’ हे लांब नळीचे भावंड आहे, त्याच्यासाठी बनवलेल्या होल्स्टरमध्ये लहान पिस्तूलही नीट बसते. लांबी वाढल्याने टोक व्रणाच्या खाली गेले आणि कमरपट्टीखालचा भाग जास्त झाल्याने मूठ बाहेर कलंडेना. लहान पिस्तुलाला लहान होल्स्टर, हा काउंटरवरचा हिशेब निदान या अंगावर चुकीचा ठरला.

उंचीचा प्रश्न राहिला. होल्स्टर कमरपट्टीत खोल बसवले की बसताना सुख वाटते, पण मुठीवर पूर्ण पकड येत नाही, बोटे कमरपट्टीत अडकतात. वर घेतले तर पकड मिळते आणि वजन वर गेल्याने पिस्तूल बाहेर झुकते. भरलेले पिस्तूल सहाशे ग्रॅमच्या वर जाते, त्यामुळे अर्ध्या सेंटीमीटरचाही फरक जाणवतो. बाईंनी स्क्रूच्या एका भोकाइतके वर, मग पुन्हा खाली, असे करत मधली जागा ठरवली आणि पूर्ण पकड बसते ना, याला आरामापेक्षा अग्रक्रम दिला.

आता कपडे. बायकांच्या पँटला बरेचदा पट्ट्याचे लूप नसतात, असले तर नाजूक असतात, आणि घरातला वेळ लेगिंग्जमध्ये जातो. लेगिंग्जच्या इलॅस्टिकला क्लिप अडकवून रिकामे पिस्तूल झटक्यात ओढले तर पिस्तुलाबरोबर होल्स्टरही हातात येते. मग ते काढायचे दुसऱ्या हाताने, जो हात बहुधा मुलाभोवती असतो. यासाठी त्यांनी अखेर कपड्यांपासून स्वतंत्र असलेली चौकट घेतली. या प्रकारात ‘फ्लस्टर’ या कंपनीचे ‘एनिग्मा’ सर्वांत परिचित आहे. कडक पट्टीवर होल्स्टर बसवायचे, ती पट्टी स्वतःच्या अरुंद पट्ट्याने कमरेला कपड्यांच्या आत बांधायची आणि मांडीला एक दोरीवजा पट्टी, म्हणजे पिस्तूल ओढताना चौकट वर येत नाही. वरून लेगिंग्ज असोत, पँट असो की घेरदार स्कर्ट, होल्स्टरला त्याची पर्वा नसते.

याचा खरा लाभ त्यांना सार्वजनिक स्वच्छतागृहात जाणवला. कमरपट्टीत अडकवलेले पिस्तूल पँटबरोबर खाली येते. शेजारच्या खणातून ते दिसते आणि त्याच अरुंद खणात सोबत चार वर्षांची मुलगी उभी असते, जिची नजर आणि हात नेमके त्या उंचीला असतात. चौकट अंगाला बांधलेली असल्याने पँट उतरली तरी पिस्तूल जागचे हलत नाही. बाईंच्या नोंदीतील पिस्तूल अंगावेगळे होण्याचे प्रसंग इथे झपाट्याने घटले.

कुर्तीबाबत एक निरीक्षण नोंदवते, कारण ते आपल्याच बायकांच्या कामाचे आहे. गुडघ्यापर्यंतचा कुर्ता पिस्तूल उत्तम झाकतो, पण वेळ आल्यावर तेवढे कापड गोळा करून वर ओढावे लागते आणि ते हातात गुंतते. नितंबापर्यंतची, फार तंग नसलेली, ठसठशीत छापाची कुर्ती सर्वांत सोयीची. एकरंगी कापडावर छोटासा उंचवटाही सावली पाडतो. बांधणी किंवा दाट ब्लॉक प्रिंटवर तो नक्षीत हरवतो. बाईंच्या कपाटात अशा कुर्त्या मुबलक होत्या, त्यामुळे कपड्यांवर वेगळा खर्च झाला नाही.

घरातली व्यवस्था

होल्स्टरने सगळे सुटले नाही, आणि जे उरले ते कुटुंबाने सोडवले. डेकेअरच्या दारावर पिस्तुलास बंदी असल्याचा फलक होता. आत जाण्यापूर्वी दररोज दोनदा पिस्तूल उतरवणे भाग, आणि अंगाला बांधलेली चौकट गाडीत बसून सोडणे-बांधणे जिकिरीचे. इथे क्लिपचे होल्स्टर सरस ठरते, कारण ते पिस्तुलासकट एकसंध निघते आणि चाप झाकलेलाच राहतो. बाईंनी दोन होल्स्टर आलटून-पालटून वापरण्याचा विचार केला, पण रोज जागा बदलली की ऐन वेळी हात चुकीच्या ठिकाणी जातो, म्हणून तो सोडला. त्याऐवजी यजमानांनी डेकेअरची ने-आण स्वतःकडे घेतली. पिस्तुलाला विरोध असलेल्या माणसाने उचललेला हा वाटा मला या प्रकरणातील सर्वांत समंजस भाग वाटतो. क्वचित बाईंनाच जावे लागले तर सीटच्या लोखंडी पायाला तारेने जखडलेली कुलपाची पेटी गाडीत आहे.

घरी नियम एकच: पिस्तूल अंगावर, नाहीतर तिजोरीत. ओटा, कपाटाचा माथा, उशीखालची जागा, पर्स यांपैकी काहीही चालणार नाही, आणि ही अट यजमानांनी लेखी घातली होती. तिजोरी यांत्रिक बटणांची, भिंतीला बोल्टने बसवलेली आहे. मुलगा संध्याकाळी अजून अंगावर पितो; त्या वेळी तो मांडीवर आडवा होऊन पाय झाडतो आणि उजवा पाय थेट होल्स्टरवर बसतो. त्यामुळे दार लावल्यावर पहिले काम चौकट उतरवून तिजोरीत ठेवण्याचे आणि मग मुलाला जवळ घेण्याचे. रेंजवरून आलेल्या दिवशी मध्ये आणखी एक काम असते: हात-तोंड साबणाने धुऊन कपडे बदलणे, कारण गोळीबारातील शिसे कपड्यांवर आणि होल्स्टरवर बसते, आणि आईच्या रक्तात गेलेले शिसे दुधातूनही उतरते.

मुलीचा प्रश्न अपेक्षेपेक्षा लवकर आला. मिठी मारताना तिने विचारले, “आई, तुझ्या पोटाला हे कडक काय लागतं गं?” बाईंनी खोटे सांगितले नाही, हे आईचे धोक्याचे अवजार आहे, त्याला आईशिवाय कोणी हात लावायचा नाही आणि दुसरीकडे कुठे दिसले तर लगेच मोठ्यांना सांगायचे, असे सांगितले. शिकवावे, याबद्दल दुमत नाही. पण हा धडा तोंडपाठ म्हणून दाखवणारी मुलेही खोलीत एकटी असताना समोर दिसलेले पिस्तूल उचलतात, हे प्रयोगांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे. त्यामुळे या शिकवणीवर भरवसा ठेवून तिजोरीचा नियम सैल करणे त्यांनी नाकारले.

न सुटलेले भाग

नळीच्या दिशेचा प्रश्न पूर्णपणे सुटत नाही. पुढे बाळगलेल्या पिस्तुलाची नळी बसल्यावर स्वतःच्याच मांडीकडे असते, जिथून मोठी रक्तवाहिनी जाते. मांडीवर मूल असेल तर त्याचा पायही त्याच रेषेत येतो. कडक कवच, स्वच्छ तोंड आणि परत ठेवताना घाई न करणे, एवढेच उपाय हातात आहेत. बाईंनी तर परत ठेवण्याची वेळच कमी केली: सकाळी तिजोरीसमोर, मुले दुसऱ्या खोलीत असताना, पिस्तूल आधी होल्स्टरमध्ये आणि मग होल्स्टर अंगावर, असा क्रम ठरवला. भरलेले पिस्तूल अंगावरच्या होल्स्टरमध्ये घालण्याचा प्रसंग त्यामुळे सहसा येत नाही.

साडीला उत्तर सापडले नाही. परकराच्या आत चौकट बांधता येते आणि निऱ्यांखाली ती दिसतही नाही, पण निऱ्या, परकर आणि पदर ओलांडून पिस्तूल बाहेर काढणे ही कल्पनाच हास्यास्पद आहे. ज्याच्यापर्यंत हात पोहोचत नाही, त्याचे फक्त ओझे आणि धोका उरतो. शिवाय गणेशोत्सवात त्या ज्या मंदिरात जातात तिथे बंदीचा फलक आहेच. प्रार्थनास्थळांनी फलक लावला नसेल तर टेक्सासमध्ये २०१९ पासून बाळगण्यास मुभा आहे, लावला असेल तर नाही. म्हणून साडीच्या दिवशी पिस्तूल तिजोरीत, हे ठरले. हंगाम संपल्यावर रात्री एकटीने कार्यालय बंद करावे लागत नाही, तेव्हाही ते अनेक दिवस तिजोरीतच असते. न्यू जर्सीत बहिणीकडे जाताना ते नेण्याचा प्रश्नच येत नाही, कारण टेक्सासचा परवाना तिथे चालत नाही.

येत्या ऑगस्टमध्ये मुलगी किंडरगार्टनला जाईल. शाळेच्या इमारतीत पिस्तूल नेता येत नाही, शाळेचा कार्यक्रम चालू असेल तर ते मैदानही बंदीत येते, आणि पालकसभांना यजमान दर वेळी जाऊ शकणार नाहीत. तोपर्यंत मुलाचे अंगावर पिणे सुटलेले असेल, कंबरेचे मापही कदाचित बदललेले असेल. त्या वेळी क्लिपचे होल्स्टर पुन्हा काढून, व्रणावरचा वळ तपासत, अंगावेगळे होण्याची नोंद आणखी एक आठवडा ठेवायची, असे त्यांनी आताच ठरवून ठेवले आहे.